मार्कर उंदरात दिसला, माणसात हरवला: एका 'नाही' म्हणणाऱ्या पेपरचं वाचन

नेट झाली, पेट झाली, गाईड मिळाले, आणि त्यांनी सांगितलं की "आधी दहा पेपर वाचून ये". तुम्ही वाचताय. पण वाचून झाल्यावर कोणी विचारलं की "काय मिळालं?", तर सांगता येतं ते एवढंच की लेखकांनी काय म्हटलं आहे. लेखकांचं म्हणणं त्यांच्याच आकड्यांवरून निघतं का, हा प्रश्न विचारायची सवय आपल्याला एमएस्सीपर्यंत कोणी लावत नाही. उलट छापून आलंय म्हणजे बरोबरच असणार, असा एक धाक असतो.

म्हणून आज एकच पेपर घेऊ आणि तो नीट तपासू. मुद्दाम असा निवडलाय की ज्याचं उत्तर 'नाही' आहे. २०१४ साली 'आर्काइव्ह्ज ऑफ टॉक्सिकॉलॉजी' या जर्नलमध्ये आलेला. लेखक मिचेल मॅकगिल, हार्टमुट येश्के आणि सहकारी, कॅन्सस विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरमधला गट. विषय: पॅरासिटामॉल जास्त झाल्यावर यकृताला होणारी इजा रक्तातल्या ॲसिलकार्निटीन नावाच्या छोट्या रेणूंवरून ओळखता येते का. उंदरात ओळखता येते, माणसात नाही, असं त्यांना आढळलं. मला हा पेपर आवडतो. पण त्याच्या शेवटच्या वाक्यातल्या एका शब्दाशी माझं भांडण आहे. ते भांडण काय, हेच आज सांगायचंय.

आधी प्रश्न समजून घेऊ

पॅरासिटामॉल म्हणजे आपल्या घरोघरी असलेली तापाची, अंगदुखीची गोळी. सांगितलेल्या प्रमाणात घेतली तर सुरक्षित. प्रमाणाबाहेर गेली तर यकृतावर घाला घालते. माणसात असं होतं हे १९६६ साली एडिंबरोच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नोंदवलं. आज ब्रिटन, अमेरिकेत अचानक यकृत निकामी होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

यातली अडचण अशी की पहिल्या दिवशी माणूस बऱ्यापैकी ठीक दिसतो. मळमळ, एखादी उलटी, कधी तेवढंही नाही. रक्त तपासलं तर एएलटी नॉर्मल. एएलटी म्हणजे आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टवर जे 'एसजीपीटी' म्हणून छापलेलं असतं, ते. हे एन्झाइम यकृताच्या पेशीच्या आत राहतं. ते रक्तात आलं म्हणजे पेशी फुटल्या. साधारण एक दिवस उलटल्यावर ते चढायला लागतं आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास हजारांत जातं. म्हणजे एएलटी आग लागल्याचं सांगत नाही, घर जळाल्याचं सांगतं.

आणि उतारा तर आहे! एन-ॲसिटिलसिस्टीन, थोडक्यात एनएसी. एडिंबरोच्याच प्रेस्कॉट यांच्या गटानं १९७० च्या दशकात तो शिरेतून द्यायला सुरुवात केली. गोळ्या पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत दिला तर यकृत जवळजवळ नेहमीच वाचतं. उशीर होत जाईल तसा उपयोग कमी होत जातो.

(पेपरपेक्षा महत्त्वाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. घरात, होस्टेलवर कोणी या गोळ्या जास्त घेतल्याचा नुसता संशय आला तरी "बरा दिसतोय की" म्हणून थांबू नका. लगेच दवाखान्यात न्या, रिकामी पाकिटं बरोबर न्या. आणि ज्यांना स्वतःच्याच मनातल्या विचारांची भीती वाटते आहे, त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६. तिथे बोला.)

मग डॉक्टर ठरवतात कसं? १९७५ मध्ये रुमॅक आणि मॅथ्यू यांनी एक आलेख दिला. गोळ्या घेतल्यानंतर चार तास किंवा जास्त झाले की रक्तातलं पॅरासिटामॉल मोजायचं, किती तास झाले ते बघायचं, रेषेच्या वर असेल तर एनएसी सुरू. साधं आणि उत्तम. पण हा आलेख चालायला दोन गोष्टी लागतात: गोळ्या एकदमच घेतलेल्या असाव्यात, आणि कधी घेतल्या ते माहीत असावं. रोगी बेशुद्ध असेल, वेळ सांगत नसेल, किंवा दाढ दुखते म्हणून दोन दिवस थोड्या थोड्या करत प्रमाणाबाहेर गेल्या असतील, तर आलेख मुका होतो.

संशोधकांना जो मार्कर हवा आहे, तो ही फट बुजवण्यासाठी. पेशी मरायच्या आधी बोलणारा आणि घड्याळ न विचारणारा. एवढं डोक्यात पक्कं ठेवा, शेवटी इथेच यायचंय.

पेशीच्या आत काय होतं

नेहमीच्या प्रमाणात पॅरासिटामॉलचा बराचसा भाग ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट जोडून लघवीवाटे बाहेर पडतो. थोडा भाग सायटोक्रोम पी-४५० गटातल्या एन्झाइमांकडे जातो आणि त्यातून एनएपीक्यूआय नावाचा चिडका पदार्थ तयार होतो. त्याला ग्लुटाथायोन धरून ठेवतं. मात्रा वाढली की सल्फेटचा रस्ता तुंबतो, एनएपीक्यूआय जास्त तयार होतो, ग्लुटाथायोन संपत जातं. १९७३ साली अमेरिकेच्या एनआयएचमध्ये मिचेल, जॉलो, गिलेट, ब्रोडी यांनी उंदरांवर दाखवलं की ग्लुटाथायोनचा सुमारे ७० टक्के साठा संपला की मगच एनएपीक्यूआय प्रथिनांना चिकटायला लागतो आणि पेशी मरायला लागतात. एनएसीचं काम मुख्यतः हेच, ग्लुटाथायोन बनवायला सिस्टीन पुरवणं.

चिकटतो तो विशेषकरून मायटोकाँड्रियामधल्या प्रथिनांना. इथून आपला मार्कर सुरू होतो.

मायटोकाँड्रियाला पिठाची गिरणी समजा. मेदाम्लं म्हणजे धान्य. लांब साखळीच्या मेदाम्लांना तसंच आत जाता येत नाही, त्यांना कार्निटीनच्या डब्यात भरून आत न्यावं लागतं. मेदाम्ल भरलेला असा डबा म्हणजे ॲसिलकार्निटीन. गिरणी चालू असेल तर डबे येतात, रिकामे होतात, परत जातात. गिरणी बंद पडली तर? दारात भरलेल्या डब्यांची रांग लागते. काही डबे रस्त्यावर येतात, म्हणजे रक्तात. गिरणीची भिंत पडायची वाट बघावी लागत नाही.

ही कल्पना मॅकगिल यांच्या आधीची आहे. २००९ मध्ये ची चेन, फ्रँक गोन्झालेझ आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या सीरमचं मेटाबोलोमिक्स करून पॅरासिटामॉलनंतर लांब साखळीची ॲसिलकार्निटीन्स वाढल्याचं दाखवलं होतं. मॅकगिल यांच्या गटानं विचारलं ते पुढचं: ही वाढ खरंच मायटोकाँड्रिया बिघडल्यामुळे का, आणि माणसात ती दिसते का?

पेपरात काय केलंय

चार पायऱ्या आहेत.

पहिली, उंदरांना विषारी मात्रेत पॅरासिटामॉल दिलं. ॲसिलकार्निटीन्स वाढली. जुन्या कामाशी जुळलं.

दुसरी, दुसऱ्या उंदरांना फ्युरोसेमाइडची मोठी मात्रा दिली. हे लघवी वाढवणारं औषध. उंदरात त्याचाही चिडका पदार्थ बनतो, तोही प्रथिनांना चिकटतो, यकृताच्या त्याच भागातल्या पेशी मरतात. पण मायटोकाँड्रिया बिघडत नाहीत. या उंदरांत ॲसिलकार्निटीन्स वाढली नाहीत.

तिसरी, पॅरासिटामॉलमुळे यकृताला इजा झालेल्या माणसांचा प्लाझ्मा तपासला. कंट्रोल गटांपेक्षा लक्षणीय फरक नाही.

चौथी, मग असं का झालं असावं म्हणून परत उंदरांकडे गेले. पॅरासिटामॉलबरोबर एनएसीही दिलेल्या उंदरांत ॲसिलकार्निटीन्स कमी झालेली दिसली. माणसांना तर एनएसी देतातच. निष्कर्ष: रोग्यांना एनएसी देण्याची रीतच असल्यामुळे दवाखान्यात ॲसिलकार्निटीन्स मोजण्यात अर्थ नाही, पण मायटोकाँड्रिया बिघडवणाऱ्या यकृताच्या इतर आजारांत ती उपयोगी ठरू शकतील.

आधी कौतुक

टीका म्हणजे चुका काढणं नाही, हे आपल्याकडे जर्नल क्लबमध्ये विसरायला होतं. या पेपरात तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

फ्युरोसेमाइडचा प्रयोग बघा. नेहमीचा कंट्रोल म्हणजे सलाइन दिलेला उंदीर. पण सलाइनशी तुलना करून एवढंच कळतं की आजारी यकृत आणि निरोगी यकृत यांत फरक आहे. त्यात काय नवल! पेशी त्याच जागी मरताहेत, पण गिरणी चालू आहे, असा कंट्रोल त्यांनी शोधला. त्यामुळेच "ही वाढ पेशी मरण्याची खूण नसून गिरणी बंद पडल्याची आहे" असं म्हणता येतं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये कंट्रोल गट लिहिताना हा प्रश्न विचारा: माझ्या दाव्याला खरोखर धोक्यात आणेल असा कंट्रोल कोणता? तो गट ठेवायची हिंमत करा.

दुसरी गोष्ट, उंदीर आणि माणूस एकाच पेपरात. उंदरांचे आकडे वेगळे छापून "माणसातही उपयोगी ठरेल अशी आशा आहे" असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. तसे पेपर ढिगानं सापडतील.

तिसरी, नकारार्थी निष्कर्ष सरळ सांगितलाय. "कल दिसतो", "अधिक नमुने घेतल्यास" अशी पळवाट नाही.

आता भांडण

भांडण आहे ते "मुळे" या शब्दाशी.

एनएसीमुळे माणसात मार्कर दिसत नाही, हे वाक्य दोन तुकड्यांचं आहे. पहिला तुकडा, "माणसात दिसला नाही", हे त्यांनी मोजलं. दुसरा, "एनएसी दिल्यावर उंदरात कमी होतो", हेही मोजलं. पण "माणसात दिसला नाही *तो* एनएसीमुळे" हे मोजलेलं नाही, जोडलेलं आहे. उंदरात असं *होऊ शकतं* म्हणून या रोग्यांत असंच *झालं*, ही उडी आहे. उडी बरोबर जागी पडली असेलही. पण उडी आहे हे वाचताना कळलं पाहिजे.

जोडणी पक्की आहे का हे बघायचं तर दुसरी कारणं शक्य आहेत का ते विचारायचं. मला निदान तीन दिसतात.

एक, वेळ. उंदरात सगळा खेळ एका दिवसात आटपतो. माणसात तोच तीन-चार दिवस चालतो. माणसात रांग कधी लागते आणि कधी पांगते हे माहीत नसताना हाती लागलेल्या नमुन्यात ती नाही, यावरून ती कधीच नव्हती असं ठरत नाही.

दोन, उपास. पोटात अन्न नसलं की शरीर मेदाम्लं जाळायला काढतं आणि ॲसिलकार्निटीन्स तशीही वाढतात. आता गंमत बघा. पॅरासिटामॉलच्या प्रयोगांत उंदरांना आदल्या रात्री उपाशी ठेवायची पद्धत आहे, कारण उपासानं ग्लुटाथायोन घटतं आणि इजा नेमकी होते. इकडे रोगी उलट्या करत आलेला, त्यानं दिवसभर काही खाल्लेलं नाही. आणि तुलनेला घेतलेली निरोगी माणसं? ती सकाळी चहा-पोहे खाऊन आली का उपाशी? या पदार्थाच्या बाबतीत हा प्रश्न किरकोळ नाही, मोजमापाच्या मुळाशी आहे.

तीन, माणसं सारखी नसतात. प्रयोगशाळेतले उंदीर एकाच वंशाचे, एकाच वयाचे, एकच खाद्य खाणारे. माणसांत वय, वजन, दारू, मधुमेह, बरोबर घेतलेली दुसरी औषधं. गटातली ही उलथापालथ मोठी असेल तर मधला फरक त्यात बुडून जातो. "लक्षणीय फरक आढळला नाही" आणि "फरक नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो, पाठ करून ठेवू नका, समजून ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट. आठ तासांत एनएसी मिळालेल्यांना सहसा इजा होतच नाही. म्हणजे ज्यांना इजा झाली ते बहुतेक उशिरा आलेले. त्यांच्या गिरण्या एनएसी मिळण्याआधीच कित्येक तास बंद होत्या. मग त्यांच्या बाबतीत एनएसीनं वाढ *थोपवली* असं म्हणून भागत नाही. आधीच वाढलेलं *उतरवलं* असं म्हणावं लागतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेपर मिळवाल तेव्हा मेथड्समध्ये दोन आकडे शोधून समासात लिहा: उंदराला एनएसी पॅरासिटामॉलनंतर किती वेळानं दिलं, आणि रोग्याचं रक्त एनएसी सुरू झाल्यावर किती वेळानं घेतलं. पेपरचा सगळा भार या दोन आकड्यांवर आहे.

त्याच वर्षीचा दुसरा पेपर

इथे थांबलो असतो तर माझं म्हणणं नुसती शंका राहिली असती. पण २०१४ सालीच 'बायोमार्कर्स इन मेडिसिन'मध्ये सुदीपा भट्टाचार्य, लॉरा जेम्स आणि सहकाऱ्यांचा लहान मुलांवरचा पेपर आला. त्यांनी तीन गट घेतले: निरोगी मुलं, नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल मिळालेली मुलं, आणि मात्रा प्रमाणाबाहेर गेलेली मुलं. आणि यांना वाढ दिसली! पामिटॉइल आणि ओलिऑइल कार्निटीन, दोन्ही वाढलेली.

मग खरं कोण? नवख्या वाचकाची पहिली प्रतिक्रिया मतमोजणीची असते: एक हो, एक नाही, "निष्कर्षांत विसंगती आढळते" असं रिव्ह्यूमध्ये लिहायचं आणि पुढे जायचं. तसं करू नका. दोन पेपर भांडत असतील तर त्यांना भांडायला लावणारी तिसरी गोष्ट शोधा.

ती मुलांच्या पेपरात आहे. एनएसी मिळायला २४ तासांपेक्षा जास्त उशीर झालेल्या मुलांमध्ये ॲसिलकार्निटीन्स लक्षणीय वाढली होती. म्हणजे दोन्ही पेपर "उतारा कधी मिळाला" या एका रेषेवर मांडले तर विसंगती बरीच विरघळते. एनएसीचा हात आहे, हा मॅकगिल यांचा अंदाज माणसांतल्या आकड्यांनी उचलून धरला. इथे माझ्या तक्रारीतली थोडी हवा निघते, हे मान्य करायला हवं.

पण याच पेपरात दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. उशीर झालेल्या त्या मुलांमध्ये फक्त ॲसिलकार्निटीन्स वाढलेली नव्हती. एएलटीसुद्धा वाढलेलं होतं. आणि पॅरासिटामॉल चिकटलेल्या प्रथिनांचं रक्तातलं प्रमाण, ज्याला ॲडक्ट्स म्हणतात, ते ॲसिलकार्निटीन्सच्या आधी शिखरावर पोचलं. शिवाय नेहमीची मात्रा मिळालेल्या मुलांतही निरोगी मुलांपेक्षा वाढ दिसली. का, तर ती दवाखान्यात भरती असलेली आजारी मुलं, नीट जेवत नसणार, असा तर्क करता येतो. पण कारण काहीही असो, नुसती वाढ दिसली म्हणून विषबाधा म्हणता येत नाही.

आता सुरुवातीला जो प्रश्न डोक्यात ठेवायला सांगितला होता तो काढा. पेशी मरायच्या आधी बोलणारा मार्कर हवा होता. हा बोलतो, पण माणसात जिथे मोठ्यानं बोलतो तिथे एएलटी आधीच ओरडत असतं. उशिरा आलेल्याला एनएसी द्यायचं की नाही, हा प्रश्न एएलटी चढलेलं असताना उरतच नाही, देतातच. मग या मार्करनं डॉक्टरचा कोणता निर्णय बदलला?

म्हणून माझं मत असं: लेखकांचा सल्ला बरोबर आहे, त्यांनी दिलेलं कारण अर्धं आहे. त्यांच्या वाक्यावरून वाटतं की एनएसी आड आलं नसतं तर हा मार्कर दवाखान्यात चालला असता. मुलांचे आकडे सांगतात की एनएसीला उशीर झाला तेव्हाही तो फारसा कामाचा नव्हता. फरक शब्दांचा नाही. पहिलं कारण धरलं तर पुढचा संशोधक एनएसीच्या आधीचा नमुना मिळवण्यात दोन वर्षं घालवेल. दुसरं धरलं तर तो आधी विचारेल की हा पदार्थ ॲडक्ट्सच्या पुढे धावतो तरी का.

एनएसीच्या आधीचा नमुना घेऊ नये असं म्हणत नाही. उतारा रोखून धरून प्रयोग करणं अनैतिकच, त्यावर चर्चा नको. पण सलाइन लावताना तसंही रक्त घेतातच. त्यातलं थोडं बाजूला ठेवायचं आणि मग दर काही तासांनी परत घ्यायचं. एकेका माणसाची त्याच्याशीच तुलना झाली की उपास, वय, वजन यांचा गोंधळही बराच कमी होतो. "मुळे" हा शब्द लिहायचा हक्क अशा प्रयोगानं मिळतो.

'मार्कर' हा एक शब्द, तीन प्रश्न

या विषयावरचे रिव्ह्यू वाचताना अजून एक गोंधळ दिसेल, तो आधीच सांगून ठेवतो. 'मेटाबोलिक मार्कर' या एका पाटीखाली तीन वेगळी दुकानं आहेत.

पहिलं, गोळी घेण्याआधीच कोणाला जास्त धोका ते सांगणं. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये क्लेटन, निकल्सन आणि सहकाऱ्यांनी उंदीरमामाच्या मोठ्या भावांवर, म्हणजे रॅटवर, मात्रा देण्याआधीच्या लघवीवरून इजेचा अंदाज बांधता येतो असं दाखवलं. दुसरं, गोळी घेतल्यावर इजा लवकर ओळखणं. आपला पेपर इथला. तिसरं, यकृत निकामी झाल्यावर कोण वाचेल ते सांगणं. उदाहरणार्थ ऑफ्थॅल्मिक ॲसिड. ग्लुटाथायोन बनवणारी एन्झाइम्स सिस्टीन कमी पडलं की त्याच्या जागी दुसराच तुकडा घालून हा पदार्थ बनवतात. २००६ मध्ये जपानच्या केओ विद्यापीठातल्या सोगा यांच्या गटानं पॅरासिटामॉल दिलेल्या उंदरात तो ग्लुटाथायोन संपल्याची खूण म्हणून पुढे आणला. २०१५ मध्ये यकृत निकामी झालेल्या रोग्यांत तो बघितला गेला तेव्हा दगावलेल्यांमध्ये जास्त वेळा सापडला. म्हणजे पहिल्या तासांची खूण म्हणून जन्मलेला मार्कर शेवटच्या दिवसांच्या प्रश्नावर तपासला गेला.

या तिन्ही प्रश्नांना नमुना वेगळा, वेळ वेगळी, तुलना वेगळी आणि यशाची व्याख्याही वेगळी लागते. तुमच्या रिव्ह्यूच्या तक्त्यात पदार्थाचं नाव, प्राणी आणि 'वाढ/घट' एवढेच रकाने असतील तर अजून दोन वाढवा: "कोणता प्रश्न" आणि "नमुना कधी". अर्ध्या विसंगती तिथेच मिटतील.

आपल्या प्रयोगशाळांपर्यंत

हे सगळं कॅन्ससचं झालं, आपला काय संबंध? संबंध असा की पॅरासिटामॉल देऊन यकृत बिघडवायचं आणि वनस्पतीचा अर्क देऊन ते वाचवायचं, हा आपल्या फार्मसी आणि प्राणिशास्त्र विभागांतला अगदी ठरलेला प्रयोग आहे. एसजीपीटी खाली आला की अर्क यकृतरक्षक. वाचणाऱ्यांपैकी काहींच्या सिनॉप्सिसमध्ये आत्ता हेच असेल. फाडून टाकू नका, पण वरचे प्रश्न त्याला लावून बघा.

अर्क आधी पाजला आणि मग पॅरासिटामॉल दिलं, तर अर्कानं सायटोक्रोम एन्झाइमलाच अडवलं असू शकतं. मग विष तयारच झालं नाही. ते यकृताचं रक्षण नव्हे, प्रयोगच रद्द झाला. हे तपासायला एसजीपीटी पुरत नाही. मात्रा दिल्यावर लवकरच्या वेळी ग्लुटाथायोन घटलं होतं का आणि ॲडक्ट्स बनले होते का हे बघावं लागतं. प्राणी कोणता घेतलात? रॅटला पॅरासिटामॉल फारसं बाधत नाही, त्याच्या मायटोकाँड्रियाचं माणसासारखं नुकसान होत नाही. माणसाला जवळचा उंदीर म्हणजे माऊस. आणि तुलना कोणाशी? एनएसी दिलेला गट नसेल तर परीक्षक विचारणारच की जगात उतारा असताना तुमचा अर्क कशापेक्षा बरा.

दुसरा संबंध लेखकांच्या शेवटच्या सूचनेशी आहे: इतर आजारांत हा मार्कर बघा. भारतात यकृत अचानक निकामी होण्याचं मोठं कारण पॅरासिटामॉल नाही. इथे कावीळ ए आणि ई, टीबीची औषधं, आणि काही भागांत पिवळ्या फॉस्फरसचं उंदीर मारायचं औषध पोटात जाणं, ही कारणं पुढे आहेत. यातल्या एखाद्यावर ॲसिलकार्निटीन्स मोजायचा मोह होईल. मोजा, पण मास स्पेक्ट्रोमीटरचा स्लॉट बुक करण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा. या मार्करनं कोणता निर्णय बदलेल? नमुना कोणत्या तासाला मिळेल? आजाराशिवाय आणखी कशानं तो हलतो? आणि जे आज दोन-तीनशे रुपयांत मोजता येतं त्याच्या पुढे तो कितपत धावतो? चौथ्या ओळीपाशी पेन अडकलं तर तिथेच गाईडना भेटा, स्लॉट नंतर बुक करता येईल.

पुढच्या वेळी ॲडक्ट्सवर लिहीन. तोवर मॅकगिल यांचा पेपर मिळवा, फक्त मेथड्स वाचा, आणि मी सांगितलेले दोन आकडे समासात लिहा. त्या आकड्यांवरून माझं "कारण अर्धं आहे" हे म्हणणं टिकत नाही असं वाटलं, तर तसंही लिहा आणि कळवा.